वेल्डिंग केलेली सीट

१२ नोव्हेंबर २०२५

टेम्पोची सीट हलतच नाही! खालचा दांडा ओढला, गुडघा लावून ढकलली, दोन शिव्या दिल्या – ढिम्म. मग बॅटरी घेऊन खाली वाकून बघितलं तर काय, वेल्डिंग! चारी बाजूंनी टाके मारून सीट पत्र्याला कायमची चिकटवून टाकलीय. मानसिंगच्या मापावर. मानसिंग सहा फुटाला दोन बोटं कमी. मी चार फूट दहा इंच, तेही अंबाडा धरून.

हो, मानसिंग. नवऱ्याचं नाव. एरवी उखाण्यात घेते तेवढंच. पण वही माझी आहे, इथं घेणार. कोण येतंय वाचायला!

मानसिंग शनिवारी गोठ्याच्या छपरावर चढला, पत्रा फाटला आणि हा खाली. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय. वस्त्या-वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीच्या शीतकेंद्रावर पोचवायचं, सकाळ-संध्याकाळ, हे आमच्या टेम्पोचं काम. हे चार दिवस चुलत दीर सिद्धूनं चालवला. आज चहा पिता पिता म्हणाला, दादाचा पाय काय लवकर येत नाही, रूट माझ्या नावावर करून घेतो, म्हणजे तुम्हालाही घोर नाही. सासूबाई मान डोलवायला लागल्या. एकदा गेलेला रूट परत मिळत नाही हे त्यांना काय माहीत नाही? पण सिद्धू गोड बोलतो.

मी म्हटलं, मी चालवते.

सगळ्यांच्या बश्या हवेतच. माझ्याकडे लायसन्स आहे हे या घरात कुणाला आठवतच नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची, दहिवडी–म्हसवड प्रवासी भरून नेणारी वडापची जीप होती. भाऊ दोघंही मुंबईला गेले, मग जीप धुवायला, चाक बदलायला आणि शेवटी चालवायला मीच. लग्न झालं आणि लायसन्स कपाटात गेलं. मुदत संपत आली की मी जाऊन वाढवून आणते. सासूबाई विचारायच्या, कशाला गं? कशाला म्हणजे – आहे म्हणून!

आता सीट हलत नाही म्हणून मी मागे सरणार असं वाटत असेल तर माणदेशातली बाई त्यांनी अजून बघितलेली नाही.

१३ नोव्हेंबर

गेले आणि आले. दूध सगळं पोचलं.

कसं गेले ते मलाच ठाऊक. पाठीमागे दोन उश्या, खाली एक. तरी क्लच पुरता दाबायचा तर सीटवरून घसरत खाली जावं लागतं, आणि खाली गेलं की रस्त्याऐवजी डॅशबोर्डावरचा गणपती दिसतो. शेवटी स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून बघत चालवला. फाट्यावरच्या पारावर दोन म्हातारे उठून उभे राहिले. टेम्पो एकटाच चाललाय असं वाटलं म्हणे त्यांना!

आरशांची तर आणखी तऱ्हा. डावा आत दुमडून तारेनं बांधलेला, गल्लीत घासतो म्हणून. उजवा तडकलेला आणि फिरवलेला थेट मानसिंगच्या मिशीकडे. मधल्या आरशाला दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळून काळा पडलेला. मागचं काही म्हणजे काही दिसू नये अशी पूर्ण व्यवस्था. घरी येऊन विचारलं तर मानसिंग म्हणाला, "मागं कशाला बघायचं? मागचा हॉर्न देतोयच की."

इतकी वर्षं हा माणूस असा गाडी चालवतोय. आणि बायकांना म्हणे चालवता येत नाही.

१४ नोव्हेंबर

निघण्याआधी हार काढला. सासूबाई दारातच होत्या. दसऱ्याचा हार पुढच्या दसऱ्यालाच उतरतो म्हणाल्या. मी म्हटलं, देवाला मागचं दिसत असेल, मला नाही दिसत. दिवसभर बोलल्या नाहीत. बरंच झालं.

१५ नोव्हेंबर

पकडीनं तार तोडून डावा आरसा उघडला.

दुपारी अण्णांना फोन केला. त्यांना ऐकू कमी येतं, ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे सगळ्या वस्तीला कळलं. आधी बूड, मग आरसे, मग किल्ली – अण्णा अजून तेच म्हणतात. बूड हललं की आरसे हलले, म्हणून सीट पहिली. क्लच पुरता दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या काठावर पडलं पाहिजे. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची कड बोटभर दिसावी, बाकी सगळा रस्ता. माझी मनगटं सोडाच, पाठ टेकली तर बोटंही जेमतेम पोचतात. उश्या लावल्या तर हात पोचतात, पण जोरात ब्रेक दाबला की उश्या चेपतात आणि मी मागे जाते.

म्हणून आज मानसिंगला सरळ सांगितलं, टाके कापून घेते.

जणू त्याचा पायच कापायला निघालेय असा चेहरा केला. "सीटला हात लावायचा न्हाई," म्हणाला. मग कारण सांगितलं, आणि ते खरं आहे, लिहायला हवं. सीटचा रूळ झिजला होता. भरले कॅन घेऊन चढावर गाडी घातली आणि सीट सर्रकन मागे गेली. पाय ब्रेकवरून सुटले, गाडी उताराला मागे मागे. मोरीच्या कठड्याला अडली म्हणून हा वाचला. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. सरकती सीट म्हणजे मरण, म्हणाला.

मी म्हटलं, मग नवा रूळ घालायचा, सीटच कायमची कशी चिकटवायची? गाडीत एकच माणूस बसणार हे कुणी ठरवलं? तर म्हणाला, गाडी माझी आहे.

गाडी त्याची. दूध गावाचं. रस्ता सरकारचा. आणि पहाटे उठून जाते ती मी!

१७ नोव्हेंबर

आज मानसिंग प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून दुपारभर बाभळीचं लाकूड तासत बसला होता. दोन ठोकळे केले. एक क्लचला, एक ब्रेकला. वरून जुन्या टायरचं रबर ठोकलं, पाय घसरू नये म्हणून. ट्यूबच्या पट्ट्यांनी पायडलला करकचून बांधायचे. काम सुबक. हाताला कसब आहे त्याच्या, ते मी कधीच नाकारत नाही.

"आता पोचंल तुजा पाय," म्हणाला. मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

सीट कापायची नाही म्हणून एवढी खटपट! पण केली माझ्यासाठी.

२० नोव्हेंबर

ठोकळे चालतात. फक्त पाय उचलून ठेवावा लागतो, जिना चढल्यासारखा.

ओढ्यापलीकडे साळूबाई राहते, एकटी, दोन म्हशी. रोज रस्त्याच्या कडेला कॅन घेऊन उभी असते. पहिल्या दिवशी तिनं टेम्पोला हात केला तर काचेतून तिला नुसता माझा भांग दिसला होता. आता रोज काही ना काही हातात कोंबते. आज उकडलेल्या शेंगा. गिअर टाकत टाकत खाल्ल्या.

डेअरीवर सिद्धू उभाच असतो. हौस फिटली की सांगा वहिनी, म्हणाला. मी म्हटलं, सांगते हं, आधी भागू दे.

२१ नोव्हेंबर

तळहाताला घट्टे आलेत. लाटणं धरलं की कळतं.

२६ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय. 

सकाळची फेरी. धुकं. माझ्यापुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल फडकं. ओढ्याच्या उतारावर तो एकदम थांबला. मी ब्रेक मारला आणि ब्रेक अर्ध्यातच अडला. दगडावर पाय मारावा तसा. क्लचचा ठोकळा पट्टीतून निसटून ब्रेकच्या पायडलखाली जाऊन बसला होता! समोर ट्रॉली. उजवीकडून एसटी येतेय. डावीकडे कडेला साळूबाई, कॅनवर हात ठेवून माझ्याकडे बघून हसतेय.

हँडब्रेक ओढला, होता नव्हता तेवढा जोर लावून. स्टिअरिंग डावीकडे. इंजिन धडधडून बंद पडलं, टेम्पो कडेच्या मातीत घुसला आणि थांबला. साळूबाईच्या लुगड्याला टेकून थांबला. टेकला, एवढंच. ती जिवंत आहे. मी परत परत हेच लिहीन.

मागचे कॅन आडवे झाले होते. वस्तीचं दूध उतारावरून ओढ्याकडे चाललं होतं आणि कुत्री धावत आली.

साळूबाई ओरडली नाही. खाली बसली. मी उतरून तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "मी मेली असती तर चाललं असतं गं. तुला पुन्हा कुणी गाडीत बसू दिलं नसतं."

ठोकळे ओढ्यात फेकून दिले.

डेअरीच्या सचिवांनी बोलावून घेतलं. पुन्हा असं झालं तर रूट सिद्धूला देणार. सिद्धू शेजारीच उभा होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. चेहरा असा, जणू मयताला आलाय.

मानसिंगला सगळं सांगितलं. पट्टी नीट बांधली नसशील, म्हणाला. यावर मी काय बोलले ते इथंही लिहीत नाही.

२७ नोव्हेंबर

कापली!

सासूबाईंनी पहाटे किल्ली सिद्धूला देऊन टाकली होती. तो फेरी करून आला तेव्हा मी अंगणात वाटच बघत होते. किल्ली मागितली. आज राहू द्या म्हणाला. टेम्पोपुढे जाऊन उभी राहिले. सगळी वस्ती बघायला लागली तेव्हा दिली.

उश्या लावून थेट माधवनगर. अश्फाकभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान. मला आत्ता कळलं, टाके त्यांनीच मारलेत! म्हणाले, मानसिंगभाऊंना विचारलं का? मी म्हटलं, टाके मारताना मला विचारलं होतं का? हसले आणि ग्राइंडर काढला.

ठिणग्या उडत होत्या तरी मी जवळून हलले नाही. जुना रूळ बाजूला काढला तर खाचा पार झिजून गोल झालेल्या. मानसिंग खोटं बोलत नव्हता. अश्फाकभाईंनी तशाच दुसऱ्या टेम्पोचा धड रूळ शोधून आणला, दोन्ही बाजूंनी पकडणारा. सीटखाली लोखंडी पट्ट्या घालून ती चार बोटं उचलली. पुढं घेतली, खट् करून बसली. मग त्यांनी आणि त्यांच्या कामगारानं मला सीटवर बसवून सीट मागे ओढली, अंगातलं सगळं बळ लावून. हलली नाही. "रोज निघायच्या आधी असा हिसका द्यायचा ताई," म्हणाले. "देवाला हात जोडायच्या आधी." उजव्या आरशाला नवी काचही बसवून दिली.

क्लच दाबला. गुडघ्यात वाक. हात लांब केला. मनगट स्टिअरिंगच्या काठावर. समोर गणपतीच्या डोक्यावरून सगळा रस्ता, पार वळणापर्यंत. मला रडू आलं. अश्फाकभाई उगीच पाना शोधायला लागले.

घरी आले तर मानसिंगला आधीच कळलं होतं. जेवताना नुसतं म्हणाला, "सरकली तर?"

मी म्हटलं, न्हाई सरकायची.

"आन सरकली तर?"

"तर मी मरंन. तुमी न्हाई."

ताट अर्धं टाकून भिंतीकडे तोंड करून झोपला. मी पोटभर जेवले.

२८ नोव्हेंबर

सिद्धू सकाळी किल्ली मागायला आला. मी आधीच सीटवर बसलेली होते.

६ डिसेंबर

आरसा म्हणजे काय हे आज पटलं. माधवनगरच्या पुढं डावीकडे वळणार तेवढ्यात डाव्या आरशात मोटारसायकल – दोन पोरी, पाठीला दप्तरं, आतल्या बाजूनं घुसलेल्या. हॉर्न नाही, काही नाही. थांबले. त्या गेल्या, त्यांना कळलंही नाही. आरसा तारेनं बांधलेला असता तर?

घरी येऊन मानसिंगला सांगितलं. मागच्यानं हॉर्न दिला नव्हता, हेही सांगितलं. तो पेपर वाचत होता, कालचा.

११ डिसेंबर

कोण तरी रोज माझा उजवा आरसा खाली वाकवतंय. सकाळी बसावं तर रस्त्याऐवजी माझं चाक दिसतं. सिद्धूचं काम. दुसरं कोण? उद्या धरते.

१२ डिसेंबर

धरलं. सासूबाई!

अंघोळ करून येतात आणि टेम्पोच्या आरशात बघून कुंकू लावतात. घरातला आरसा मानसिंगच्या उंचीवर टांगलाय, लग्नापासून मीही त्यात टाचा उचलून बघत आलेय. सासूबाई माझ्याहून बुटक्या. इतकी वर्षं अंदाजानं कुंकू लावत होत्या म्हणाल्या. हसावं का रडावं! घरातला आरसा मी आजच खाली आणला. आता मानसिंगला दाढी करताना वाकावं लागेल. वाकू दे.

संध्याकाळी सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, थंडी वाजत नाही का गं पहाटे? त्यांची शाल दिली.

२० डिसेंबर

प्लास्टर निघालं.

विश्रामबागेला मीच घेऊन गेले. मानसिंग आपल्याच टेम्पोत पहिल्यांदा पलीकडच्या सीटवर बसला. सगळा रस्ता दात-ओठ खात. उजवा पाय पत्र्यावर दाबत होता, तिथं ब्रेक असल्यासारखा. पुलावर एकदा म्हणाला, फार हळू चालवतीस. पुढच्या वळणावर म्हणाला, फार जोरात.

मी गाडी लावून येईपर्यंत डॉक्टरांनी तपासून टाकलं होतं. बाहेर आला तो काठी टेकत, तोंड मिटून. काय म्हणाले विचारलं तर, व्यायाम कर म्हणाले, एवढंच. गाडीत बसल्यावर म्हणाला, "संक्रांत झाली की मी चालवणार."

मी काही बोलले नाही. रस्त्यावर लक्ष होतं.

२१ डिसेंबर

काल बोलायला हवं होतं.

त्याचा पाय बरा झाला, आनंद आहे. खरंच आहे. मीच त्याला अंघोळ घातलीय, मीच उठवलंय, बसवलंय. पण पाय बरा झाला म्हणजे मी उतरायचं, हे कुठलं गणित? पहाटे आरशात मागचा रस्ता उजळत येतो, पुढं साळूबाई उभी असते, मी वेळेत असते – हे सगळं सोडून परत चुलीपुढे? तो बरा होईपर्यंत मी होते म्हणजे काय, मी काय प्लास्टर आहे?

२८ डिसेंबर

व्यायाम करत नाही. डॉक्टरांनी दिलेला रबराचा पट्टा खुंटीला लटकतोय. सांगितलं की खेकसतो. चप्पल एक अंगणात, एक दारात. सगळ्यांवर राग. चहा पांचट, पोहे कोरडे, टेम्पोचा आवाज बिघडलाय, बाई गाडी चालवते म्हणून गिअर बॉक्स जाणार.

गिअर बॉक्स कधी नव्हे तो सुखात आहे. सिद्धूला विचारा, तोही नाही म्हणणार नाही.

५ जानेवारी २०२६

भांडण. मोठं.

मी म्हटलं, सकाळची फेरी तुम्ही करा, संध्याकाळची मी करते. सीट सरकते आता, आपापल्या मापावर घेऊ, उतरताना पाहिजे तर तुमच्या जागी लावून ठेवीन. मी होऊन एवढी खाली आले! तर म्हणाला, एका गाडीला दोन धनी नसतात, टाके परत मारून घेणार आहे. म्हणजे सीट पुन्हा मागे, कायमची. म्हणजे मला ती हलवताच येऊ नये.

सासूबाई मध्ये पडल्या, माझ्या बाजूनं! "चालवतीया न्हवं नीट, मग कशाला?" म्हणाल्या. तो काठी टाकून लंगडत गोठ्याकडे निघून गेला.

ऐक मानसिंग. इथं लिहितेय, तुला दिसणार नाही, तरी ऐक. कटर अश्फाकभाईंकडे आहे आणि माधवनगरचा रस्ता मला पाठ आहे. तू जितक्यांदा चिकटवशील तितक्यांदा कापीन.

११ जानेवारी

दुपारी किल्ली मागून घेतली. अंगणात जरा पुढे-मागे करतो म्हणाला. मी आत भांडी घासत होते. टेम्पो सुरू झाला, हिसका, बंद. परत सुरू, हिसका, बंद. मला हसू आलं. मुद्दाम मोठ्यानं हसले, खिडकीतून ऐकू जाईल एवढ्यानं. ज्याच्या वेल्डिंगपायी मला पहिल्या दिवशी पारावरच्या म्हाताऱ्यांसकट सगळ्यांचं ऐकावं लागलं, त्याची गाडी स्वतःच्या अंगणात बंद पडतेय!

बराच वेळ तो तसाच आत बसून होता. किल्ली कट्ट्यावर ठेवून निघून गेला.

सीट त्यानं मागे घेतली होती, त्याच्या मापावर. मी परत पुढे घेतली.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला, सिद्धूलासुद्धा. आता सुट्टी मग वहिनी, म्हणाला. कोण म्हणालं, विचारलं. दादाच म्हणाला, सीटचं काम काढलंय, रविवारी वेल्डिंगवाला येतोय.

म्हणजे सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही.

साळूबाईला सांगितलं. ती कॅन टेम्पोत चढवता चढवता थांबली. म्हणाली, तुझ्या दाल्ल्याला मी सांगू का दोन शब्द? नको म्हटलं. माझे मी सांगीन.

१७ जानेवारी

अश्फाकभाईंना फोन केला. येताय का खरंच? मानसिंगभाऊंनी बोलावलंय ताई, मशीन घेऊन यायला सांगितलंय, म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला. त्यांचा काय दोष!

ठरलं. उद्या सकाळची फेरी करून आले की सीट माझ्या मापावर ठेवणार, आत बसणार आणि दार लावून घेणार. माणूस बसलेला असताना कुणी वेल्डिंग करत नाही. बघू किती वेळ उभे राहतात. जेवणाचा डबाही आत घेऊन बसणार.

नांदायचं तर नांदेन, पण उतरणार नाही.

१८ जानेवारी

बसले होते. अश्फाकभाई मशीन घेऊन टेम्पोच्या दाराशी उभे. मानसिंग काठी टेकत आला. मी काच खाली केली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. अश्फाकभाईंना म्हणाला, "ती बसलीया न्हवं, तितंच मार टाका. तिच्या मापावर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. काच खाली केली.

"डावा पंजा उचलत न्हाई. क्लचवर पाय हाय का न्हाई, तेबी कळत न्हाई. पलस्तर काढलं तवाच डाक्टरनं सांगितलं हुतं, पायाची शिर गेलीया म्हणून." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सीट सरकती दिसली की बसून बघावं वाटतंय. टाके मारून टाक एकदा."

मला हवं होतं तेच होत होतं. जागा माझी, कायमची, त्याच्या तोंडून! आणि मला ते एक क्षणही सोसलं नाही. डॉक्टर बोलला म्हणून काय झालं! डॉक्टर काय देव आहे? खाली उतरले. अश्फाकभाईंना म्हटलं, टाका मारायचा नाही, सीट सरकतीच राहील, मशीन परत न्या. घरात जाऊन खुंटीवरचा रबराचा पट्टा काढला आणि मानसिंगच्या हातात दिला. तो नको नको म्हणत होता. संध्याकाळी त्याला पलीकडच्या सीटवर बसवला, पट्टा पंजात अडकवला, आणि फेरीला निघालो. रस्ताभर तो पट्ट्यानं पाय ओढत होता आणि मी आरशात बघत होते.